प्रयुक्ताने आहे तसे यावे

रसायनशास्त्राच्या परीक्षेला कॉलेज आम्ल देतं, वनस्पतिशास्त्राला पानंफुलं देतं. मानसशास्त्राला मात्र माणूस घरून न्यावा लागतो. माझ्या लेकीची पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर येईपर्यंत मला हे माहीत नव्हतं. प्रयोग करणारा विद्यार्थी तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयुक्त. प्रयोगकर्त्याने आपापला प्रयुक्त सोबत आणावा, असं फळ्यावर लिहिलं होतं म्हणे, पट्टी-पेन्सिल आणावी असं लिहावं तसं.

लेकीने मला विचारलं ते सगळ्यात शेवटी, हे इथेच नोंदवून ठेवतो. आधी तिचा मावसभाऊ ठरला होता. त्याला ऐन वेळी गालगुंड झालं. मग तिने आईला विचारलं. आई बँकेत रोखपाल, त्यात महिनाअखेर, रजा मिळेना. मग वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्या काकूंना विचारलं. त्यांचं औषधाचं दुकान, ते बंद कसं ठेवणार? एवढी सगळी माणसं संपल्यावर ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि पंख्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तू गुरुवारी मोकळा आहेस का? नसशील तरी चालेल. पण असशील तर बरं."

"मला काय करायचंय?"

"काहीच नाही. खुर्चीवर बसायचं. मी तुला एकेक शब्द दाखवणार. नंतर आठवतील तेवढे लिहायचे."

"किती आठवायला पाहिजेत?"

"असं काही नसतं रे."

"तरी पास व्हायला किती?"

"बाबा, परीक्षा माझी आहे, तुझी नाही! तू फक्त आहेस तसा ये. आणि टेबलावरचं ते जाड पुस्तक उघडू नकोस. प्रयुक्ताला आधीपासून काही माहीत असून चालत नाही."

आहेस तसा ये! सांगायला सोपं आहे. आजवरच्या आयुष्यात मला कोणीही आहेस तसा ये म्हटलेलं नाही. शाळेत केस कापून ये म्हणायचे. नोकरीच्या मुलाखतीला जाताना थोरल्या भावाने स्वतःचे बूट दिले होते, आणि मुली पाहायला गेलो तेव्हा काय बोलायचं नाही याची उजळणी आईने वाटेत दोनदा घेतली होती. आहे तसा मी नेमका कसा आहे, हे शोधून काढायलासुद्धा थोडी तयारी लागलीच असती.

आता यात माझं काय अडकलं होतं ते सांगतो. दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या जागा मोजक्या. प्रात्यक्षिकात ज्याचे मार्क चांगले त्याला जागा; बाकीच्यांनी उरेल तो विषय घ्यायचा. लेकीला मानसशास्त्रच हवं होतं, आणि मला ते नको होतं. प्रवेशाच्या वेळी मी चारचौघांत म्हटलं होतं, "मन काय, सगळ्यांनाच असतं. त्याला कॉलेज कशाला पाहिजे? त्यापेक्षा कॉमर्स घे." त्यावरून घरात चांगलं वाजलं होतं. आता माझ्यामुळे तिचं प्रात्यक्षिक बिघडलं, तर ते मी मुद्दाम केलं नाही असं कोण मानणार? बायकोने तर आधीच सांगून ठेवलं, "काही बिघडलं तर ती तुम्हाला एका शब्दाने बोलायची नाही. मी बोलेन."

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. निवृत्त झाल्यापासून ते इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतात. मी भाजीची पिशवी घेऊन आत शिरत होतो, त्यांनी माझा चेहरा वाचला. मी सगळं सांगितलं.

"अभ्यासक्रम काय?" त्यांनी विचारलं.

"अभ्यासक्रम नाही म्हणते ती."

"अभ्यासक्रम नसलेली परीक्षा मी चौतीस वर्षांत पाहिली नाही. अभ्यासक्रम असतो. आपल्याला सांगितलेला नसतो, एवढंच."

तेवढ्यात औषधवाल्या काकू जिन्यावरून उतरल्या. आपल्याला जाता येत नाही याची त्यांना टोचणी लागलेली होतीच. त्यांनी दुकानातून एक तपकिरी बाटली आणून माझ्या हातात ठेवली. "शाळेतल्या पोरांना देतात. तुमच्या वयाला दुप्पट घ्या," असं त्या म्हणाल्या. त्या औषधाने स्मरणशक्ती वाढली की नाही सांगता येत नाही, पण भूक इतकी वाढली की बायकोने बाटली कपाटात कुलूपबंद केली. कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते तिला आजतागायत आठवलेलं नाही, म्हणजे औषध कोणाला हवं होतं ते उघड आहे.

पुस्तकाचं झालं ते असं. रविवारी लेक मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. ते जाड पुस्तक टेबलावर पडलं होतं आणि त्याच्या पुठ्ठ्याचा कोपरा फाटला होता. पुस्तक उघडायचं नाही, असं ती म्हणाली होती. कव्हर घालायचं नाही, असं म्हणाली नव्हती. परीक्षेला फाटकं पुस्तक घेऊन गेलेली मुलगी परीक्षकांच्या डोळ्यांत कशी दिसेल? घरात खाकी कागद नव्हता. हेडमास्तरांकडे खाकी कागदाच्या गुंडाळ्या असतात, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. मी पुस्तक घेऊन खाली गेलो.

पुढचं नीट ऐकून घ्या, कारण यावरून नंतर बराच वाद झाला. मी पुस्तक वाचलं नाही. मी कात्री शोधत होतो. पुस्तक वाचलं ते हेडमास्तरांनी. पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला त्यांचा आवाज, तो माझ्यापर्यंत पोचला यात माझा काय दोष?

"माणसाला ओळीने शब्द दाखवले," ते वाचत होते, "तर पहिले आणि शेवटचे त्याच्या लक्षात राहतात, मधले तो विसरतो. ऐकलंत? म्हणजे मार्क जातात कुठे?"

"कात्री कुठाय?"

"मध्ये! मार्क मध्ये जातात. मग जोर कुठे द्यायचा? मध्ये. पहिले-शेवटचे कायदाच आठवून देणार आहे तुम्हाला, त्यांच्यावर वेळ घालवू नका."

ते ऐकून मी कात्री शोधायचं विसरलो. आम्ही तीन भाऊ, मी मधला. थोरल्याचा पहिला शब्द, पहिलं पाऊल, पहिला दात, सगळं आईला पाठ आहे. धाकट्याचं तर काल घडल्यासारखं सांगते. माझ्याबद्दल विचारलं की जरा आठवून म्हणते, "हो, तूही होतास." इतकी वर्षं मी याचा दोष आईला देत होतो, आणि तो निघाला शास्त्राचा नियम. मानसशास्त्राबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

पुढच्या पानावर ती यादीच होती, आणि लेकीने कडेला पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. शब्दांना अर्थ नव्हता. तो मुद्दामच नसतो म्हणे, म्हणजे कोणाची कुठल्या शब्दाशी जुनी ओळख निघायला नको. हेडमास्तरांनी यादी एकदा मोठ्याने वाचली आणि मधले शब्द माझ्याकडून घोकून घेतले. धोझ, मुघ, फिण, टोव. चुकलो की ते खुर्चीच्या हातावर पट्टी आपटायचे. बाहेर लोक थांबून बघत होते. कव्हर मात्र सुरेख बसलं.

तेव्हापासून मी ते चार शब्द दाढी करताना म्हणायचो, जिना चढताना म्हणायचो, बसच्या रांगेत म्हणायचो. घरात मात्र आवाज न करता. लेकीने दोनदा विचारलं, "बाबा, तुझे ओठ का हलतायत?" मी म्हटलं, "दात दुखतोय." तिने लगेच लवंग आणून दिली. लवंग चघळत मी मनातल्या मनात मुघ म्हटलं, आणि मला स्वतःची थोडी लाज वाटली.

आता ऑफिसचं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. रजेच्या अर्जात कारण खरं लिहावं असा माझा स्वभाव. मी लिहिलं, 'मानसशास्त्र विभागात प्रयोगासाठी हजर राहायचे असल्याने गुरुवारी रजा मिळावी.' आमच्याकडे रजेचं काम जे कारकून बघतात त्यांना सगळं ऑफिस परिशिष्ट म्हणतं, कारण त्यांना काहीही विचारा, ते "परिशिष्ट बघा" म्हणतात. कोणाचं लग्न असो, कोणाची आई आजारी असो, या माणसाची भुवईसुद्धा हललेली कोणी पाहिली नाही.

"प्रयोग कोण करणार?" परिशिष्टांनी अर्ज लांब धरून विचारलं.

"माझी मुलगी."

"कोणावर?"

"माझ्यावर."

"आजार काय?"

"आजार नाही हो."

"आजार नाही तर मनाची तपासणी कशाला? आणि आजार असेल तर वैद्यकीय रजा टाका. परत येताना कामास योग्य असल्याचा दाखला आणा."

"अहो, मुलीची परीक्षा आहे. मला नुसतं बसायचंय."

"मुलीच्या लक्षात आलं का? घरच्यांना आधी कळतं," ते म्हणाले आणि अर्ज साहेबांकडे पाठवला.

साहेबांनी बोलावून घेतलं आणि बसा म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलो. त्यांनी स्वतःच्या हाताने पेल्यात पाणी ओतलं. "घरी सगळं ठीक ना? काही विसरायला वगैरे होतं का मधेमधे?"

"नाही साहेब. मधलं तर मी आता पक्कं केलंय."

साहेबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे आणखी थोडा सरकवला आणि रजा मंजूर केली. दुसऱ्या दिवसापासून मला सोप्या फाइली मिळू लागल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याशी हळू आवाजात, सुटे सुटे शब्द करून बोलायच्या. टाचण्यांची डबी कोणीतरी माझ्या टेबलावरून उचलून नेली.

याच दिवसांत एका गृहस्थांची तक्रार आली होती की त्यांच्या नळाला पाणी नाही. अशा अर्जावर मी नेहमी 'चौकशी करून अहवाल द्यावा' असा शेरा मारतो. त्या दिवशी मी तिथे 'मुघ' असं लिहिलं. अक्षर चांगलं होतं, सही व्यवस्थित होती. फाइल पुढे गेली. मला हे कळलं तेव्हा ती सगळी टेबलं फिरून परत आली होती. मुघ म्हणजे काय, असं एकानेही विचारलं नव्हतं. साहेबांनी खाली 'सहमत' लिहून सही केली होती, आणि त्या गृहस्थांच्या नळाला पाणी आलं होतं. 'चौकशी करून अहवाल द्यावा' या शेऱ्याने इतक्या लवकर पाणी आल्याचं मला आठवत नाही.

गुरुवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. लेक म्हणाली, "बाबा, आहेस तसा ये म्हटलं होतं ना?" मी शर्ट बदलला. मग बायको म्हणाली, "हा घालून कॉलेजात जाणार?" मी पुन्हा पहिला घातला. या गडबडीत बस चुकली आणि लेक पुढे निघून गेली.

कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. "आज परीक्षा आहे. पालकांना आत सोडायचं नाही."

"मी पालक म्हणून नाही आलो. मी प्रयुक्त आहे."

"कोणत्या खात्याचे?"

मी त्याला प्रयुक्त म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्यावर प्रयोग करणार आणि तुम्ही आपल्या पायांनी आलात?" हा प्रश्न माझ्या मनात तोवर आला नव्हता. मग त्याने एका शिपायाला माझ्यासोबत दिलं, मी वाटेत पळून जाऊ नये म्हणून की माझ्या धीरासाठी, ते सांगता येत नाही.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर सगळे प्रयुक्त बसले होते. कोणाची आत्या, कोणाचा मेहुणा, कोणाचा घरमालक. मी आत्याबाईंच्या शेजारी बसलो. त्या स्वेटर विणत होत्या. मी हळूच विचारलं, "तयारी कशी झालीय?"

"कसली तयारी?" त्यांनी सुईवरचे टाके मोजत विचारलं.

त्या बाकावर तयारी केलेला मी एकटा होतो. मला जरा बरं वाटलं.

आत बोलावलं. लहान टेबल, इकडे एक खुर्ची, तिकडे एक. पलीकडे माझी लेक उभी होती. केस घट्ट बांधलेले, मनगटावर आईचं घड्याळ, हातात पत्त्यांसारखी कार्डं. कोपऱ्यात बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नमस्कार. आपण आरामात बसला आहात ना? मी आपल्याला काही शब्द एकामागून एक दाखवणार आहे. आपण ते लक्षपूर्वक पाहावेत."

ही सूचना पुस्तकात जशीच्या तशी दिलेली असते आणि प्रत्येक प्रयुक्ताला तीच वाचून दाखवायची असते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की, बोलायला लागल्यापासून मला अरे-तुरे करणारी, माझ्या पाठीवर बसून घरभर फिरलेली ही पोर मला आपण म्हणते आहे. टेबलापलीकडे एक मोठी बाई उभी होती, आणि ती कधी मोठी झाली ते मला सांगता आलं नसतं. कार्डं सुरू झालेली होती.

कार्डं संपल्यावर तिने कागद दिला. मी सपासप लिहिलं. धोझ, मुघ, फिण, टोव. मग पेन थांबलं. पहिला शब्द काय होता? शेवटचा? कायदा ते आठवून देणार होता, पण कायद्याचा पत्ता नव्हता. मी छताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. लेकीने वेळ संपल्याचं सांगितलं आणि कागद घेतला.

तिने आलेख काढला. तो झोळीसारखा यायला हवा असतो, दोन्ही टोकं वर आणि मध्ये खोल. माझा उंटाच्या पाठीसारखा आला.

परीक्षक बाईंनी तो आधी एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या. "कागद उलटा धरलास का गं?"

"नाही मॅडम."

"सगळ्या वर्गाचा आलेख एका बाजूला आणि तुझ्या प्रयुक्ताचा एका बाजूला. आकडे मनाने घातलेस?"

"नाही मॅडम."

"मग कारण सांग."

लेकीचे कान लाल झाले. लहानपणापासून रडू आवरताना तिचे कान लाल होतात. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलणं, दात दुखणं, पुस्तकाला अचानक आलेलं कव्हर, सगळं तिच्या डोळ्यांत एका ओळीत उभं राहिलेलं मला दिसलं. आणि त्या ओळीच्या शेवटी माझं ते कॉमर्सचं वाक्य उभं होतं.

"अंतर्निरीक्षण घेतलंस?" बाईंनी विचारलं. अंतर्निरीक्षण म्हणजे प्रयोग चालू असताना मनात काय चाललं होतं ते प्रयुक्ताने स्वतः सांगायचं.

"अजून नाही."

"घे. माझ्यासमोर घे."

लेकीने पेन उघडलं. "प्रयोगाच्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं, ते आपण आपल्या शब्दांत सांगावं."

निघताना हेडमास्तर म्हणाले होते, "आत काही विचारलं तर कबूल काही करायचं नाही. चौतीस वर्षांत कबूल करून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही." मधले शब्द मला जास्त गोड वाटले, असं सांगायचं माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मग आकडे मनाने घातल्याचा संशय लेकीच्या डोक्यावर तसाच राहिला असता.

"पुस्तक मी आधी पाहिलं होतं," मी म्हटलं. "म्हणजे ऐकलं होतं. कव्हर घालताना. मधले शब्द मी पाठ केले."

"का?" हे परीक्षक बाईंनी विचारलं.

"मधलेच जातात म्हणून. माझ्यामुळे हिचे मार्क जायला नकोत."

"मग पहिले का नाही आठवले? ते तर न पाठ करतासुद्धा आठवतात सगळ्यांना."

"पहिले आले तेव्हा मी शब्दांकडे बघतच नव्हतो. हिच्याकडे बघत होतो. ही मला आपण म्हणाली."

बाईंनी लेकीला लिहून घ्यायची खूण केली. मग म्हणाल्या, "आणि शेवटचे?"

"तेव्हा हिचा हात थरथरत होता. कार्ड पडतंय की काय असं वाटत होतं. त्यावर काय लिहिलंय ते मी कशाला वाचू?"

लेक खाली मान घालून लिहीत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मुद्दाम नाही केलं गं मी."

"प्रयुक्ताने प्रयोगकर्त्याशी खाजगी बोलू नये," बाई म्हणाल्या, पण हळू. मग लेकीकडे वळून, "हं. आता दे कारण."

लेकीने मान वर केली. कान अजून लाल होते, पण आवाज स्वच्छ होता. "नियम मोडला नाही मॅडम. मधले शब्द प्रयुक्ताने आधीच घोकले होते. पहिल्या आणि शेवटच्या शब्दांच्या वेळी प्रयुक्ताचं लक्ष शब्दांवर नव्हतं. प्रयुक्ताला शब्द आठवायचे नव्हते, मला पास करायचं होतं. चूक प्रयोगकर्त्याची आहे. मी प्रयुक्त चुकीचा निवडला."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "प्रयोग रद्द," त्या म्हणाल्या. "त्याचे मार्क शून्य. कारणमीमांसेचे पूर्ण. जा."

घरी येताना बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत बसली. बोलायला माझ्याकडे चारच शब्द होते. आमचा थांबा आला तेव्हा ती उठता उठता म्हणाली, "पहिला शब्द लुझ होता बाबा. अख्ख्या जगाला आठवतो." एवढंच. पण बाबा म्हणाली आणि जिन्यात माझ्या हातातली पिशवीही तिने घेतली, त्यामुळे मला जेवण गेलं.

शुक्रवारी मी ऑफिसात कॉलेजचा दाखला दिला. विभागप्रमुखांनी लिहिलं होतं, 'हे गृहस्थ प्रयुक्त म्हणून हजर होते. प्रयोग रद्द झाला.' परिशिष्टांनी तो दोनदा वाचला. "प्रयोगच झाला नाही, मग रजा कशाची?" असं म्हणून त्यांनी अर्धा दिवस कापला. साहेबांनी मात्र दाखल्यातलं 'रद्द' वाचून सुटकेचा निःश्वास टाकला आणि टाचण्यांची डबी परत मिळाली.

दुसऱ्या वर्षाच्या जागांची यादी लागली. लेकीचं नाव यादीत होतं, अगदी शेवटचं. हेडमास्तर म्हणाले, शेवटचं नाव लक्षात राहतं, कायदाच आहे. मी सगळ्या इमारतीत सांगत सुटलो की माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. कॉमर्सचं वाक्य कोणी आठवून दिलं की मी विषय बदलतो.

आता पुन्हा प्रात्यक्षिक आलं आहे. यंदा मी स्वतःहून म्हटलं, "मी येतो. काही वाचत नाही, काही ऐकत नाही. कान बांधून येतो."

"नको बाबा," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय. माझे मार्क गेले तरी ज्याला काही वाटणार नाही, असा माणूस लागतो. तू नाही चालणार."

राग यावा की आनंद व्हावा, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. मग आम्ही असा माणूस शोधू लागलो. आई बाद. मावसभाऊ अजून गालगुंडाबद्दल माफी मागत असतो, तो बाद. काकू लेकीसाठीच नवीन बाटली घेऊन घरी आल्या, त्या बाद. हेडमास्तरांनी तर "कोणतं प्रकरण?" असं विचारून चष्मा लावला होता.

आणि मला परिशिष्ट आठवले. कोणाचंही काहीही झालं तरी ज्याची भुवई हलत नाही, असा माणूस माझ्याच ऑफिसात बसलेला! मी विचारलं. त्यांनी नियम बघितले, अशा कामाला मनाई नसल्याची खात्री केली आणि येतो म्हणाले. लेक खूश झाली.

काल दुपारी मी फाइल घेऊन जात होतो, तेव्हा परिशिष्टांनी मला खूण केली. इकडे तिकडे पाहिलं आणि टेबलावरून पुढे झुकून हळूच म्हणाले, "अहो, ते शब्द जरा आधी मिळतील का? उगाच माझ्यामुळे पोरीचं नुकसान नको."